कांती आणि कातडी

काही वर्षांपूर्वी आम्ही पदव्युत्तर वर्गाला दोन महायुद्धांच्या दरम्यानची एक मराठी प्रणयकादंबरी शिकवीत होतो. नायिका सकाळी गच्चीवर येते, कोवळे ऊन तिच्या गालांवर पडते, समोरच्या खिडकीतून नायक तिला पाहतो आणि पुढील दोनशे पृष्ठांची तजवीज होते. उतारा वाचून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ही तोंड कधी धुते?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि आमची सुटका झाली. परंतु प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. घरी येऊन आम्ही ती कादंबरी पुन्हा चाळली. नायिका साड्या बदलते, पत्रे लिहिते, उशीत तोंड खुपसून रडते. पण ती कधी तेल लावीत नाही, न्हात नाही, उन्हात रापत नाही, तिला एखादी पुटकुळी येत नाही. तिची कांती तिला जन्मतः मिळालेली आहे आणि अखेरच्या पानापर्यंत ती तशीच राहते.

अशा सौंदर्यास आपण कौतुकाने 'नैसर्गिक' म्हणतो. त्वचेची रोजची निगा हा विषय मात्र आपण वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांकडे सोपवला आहे. तो साहित्याच्या अभ्यासकाचा विषय होऊ शकतो असे क्वचितच कोणास वाटते. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. त्वचेची निगा हे काम आहे. ते पुष्कळदा एका माणसाने दुसऱ्यासाठी केलेले काम आहे. आणि ज्यास आपण प्रेम म्हणतो त्याचा मोठा वाटा या कामात असतो. प्रणयकथेतून हे काम पुसून टाकले की त्वचेचा फक्त रंग शिल्लक राहतो. केवळ रंग शिल्लक राहिला म्हणजे त्याचे काय होते, हे आपण गेली पन्नास वर्षे पाहत आहोत.

वास्तविक आपल्या साहित्यशास्त्राचे त्वचेशी फार जुने नाते आहे. दंडीने काव्याचे जे दहा गुण सांगितले त्यांत प्रसाद, सुकुमारता आणि कांती हे तीन आहेत. या शब्दांचा देहाशी असलेला संबंध कोणाच्याही लक्षात येईल. आनंदवर्धनाला ध्वनी म्हणजे काय हे सांगावयाचे होते तेव्हा त्याने दृष्टांत घेतला तो स्त्रीच्या लावण्याचा. नाक, डोळे, ओठ हे अवयव वेगळे दाखविता येतात. लावण्य मात्र त्या सर्वांहून निराळे असूनही त्यांच्यावाचून कोठे राहत नाही. 'लावण्य' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला. मीठ पदार्थात दिसत नाही, चवीतून कळते. सौंदर्याची ही कल्पना किती सूक्ष्म आहे! गोरेपणाशी तिचा काही संबंध नाही. आम्ही अध्यापक हे सारे फळ्यावर लिहितो, विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, आणि वर्गाबाहेर पडल्यावर दोघेही मुलगी 'उजळ' आहे की नाही हेच पाहतात.

'निसर्गसुंदर नायिका' या कल्पनेचे मूळ बहुधा शाकुंतलात दाखविले जाते. पहिल्या अंकात वल्कले नेसलेल्या शकुंतलेला पाहून दुष्यंताला वाटते की शेवाळाने वेढलेले कमळही सुंदरच दिसते. मुळात सुंदर असलेल्या आकृतीला काय शोभत नाही? आपल्या प्रणयकादंबऱ्यांनी पहिला अंक तेवढा वाचला असे म्हणावे लागते. कारण तिसऱ्या अंकात हीच शकुंतला प्रेमाने अंगाची काहिली होऊन पडली आहे आणि तिच्यासाठी वाळ्याचा लेप नेला जात आहे. चौथ्या अंकात ती सासरी निघते तेव्हा तपोवनातील झाडे तिला रेशमी वस्त्र आणि पायांना लावण्यासाठी अळिता देतात, आणि सख्या तिला सजवावयास बसतात. सख्यांनी दागिने कधी वापरलेले नाहीत. चित्रांत जसे पाहिले तसे त्या घालतात. नैसर्गिक सौंदर्याची जी आदर्श मूर्ती तिच्याही त्वचेवर लेप आहे, कोणाचा तरी हात आहे, आणि चित्रांवरून शिकलेला शृंगारही आहे. कालिदासाला हे दाखविण्यात काही कमीपणा वाटला नाही. राजाला ती आपोआप सुंदर वाटते खरी, पण ती राजाची दृष्टी झाली. नाटककार सख्यांची दृष्टीही दाखवितो.

हे नाटक मराठीत आले तेव्हा या गोष्टीला आणखी एक पदर सुटला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे बालगंधर्वांनी (1888–1967) आपल्या कारकीर्दीच्या आरंभी शकुंतलेचीच भूमिका केली. त्यानंतरची दोन-तीन दशके मराठी मध्यमवर्गातील स्त्रियांनी नेसणे, केशरचना, चालणे-बोलणे यांचे धडे बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवरून घेतले, ही सर्वश्रुत गोष्ट आहे. 'अस्सल मराठमोळे, सात्त्विक, नैसर्गिक' म्हणून आपण ज्या स्त्रीसौंदर्याचे स्मरणरंजन करतो त्याची घडण रंगपटात, आरशासमोर, दाढी घोटून त्यावर रंग चढविणाऱ्या एका पुरुषाने केली. यात बालगंधर्वांचा उणेपणा नाही. त्यांच्या कलेची थोरवीच आहे. प्रश्न आपला आहे. ज्या सौंदर्यामागील परिश्रम आपणास ठाऊक आहेत त्यालाच आपण 'निसर्गदत्त' का म्हणतो?

याहून प्रामाणिक अशी एक परंपरा आपल्या हाताशी होती आणि तिचे वय जवळपास दोन हजार वर्षांचे आहे. हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' ही महाराष्ट्री प्राकृतातील, स. आ. जोगळेकरांनी ती मराठी वाचकांसाठी सिद्ध केली. तिच्या पहिल्याच शतकात एक छोटासा प्रसंग आहे. गृहिणी स्वयंपाकघरात काम करीत आहे. हाताला काजळी लागली आहे आणि तोच हात चुकून तोंडाला लागतो. नवरा पाहतो आणि हसतो, कारण आता त्या चेहऱ्याला खरोखर चंद्राची अवस्था आली, डागासकट! आम्ही ही गाथा शिकवितो तेव्हा उपमेची चर्चा करून पुढे जातो. पण यात जे घडते ते मराठी प्रणयकादंबरीत फारसे घडलेले नाही. त्वचेवर कामाची खूण आहे, ती खूण प्रियकराला दिसते आणि त्या खुणेमुळेच तो जवळ येतो. तो नवरा उठून स्वतः चुलीपाशी बसला की नाही हे गाथा सांगत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तरीही त्याने पाहिले ते एका काम करणाऱ्या बाईचे तोंड होते. गच्चीवरच्या नायिकेचे भाग्य एवढे नाही.

आता भाषेकडे वळू. त्वचेविषयी मराठी जितकी संपन्न तितकीच पक्षपाती आहे. नायिकेला कांती असते, कष्टकऱ्याला कातडी असते, आणि ज्याचा अपमान करावयाचा त्याला चामडी असते; त्वचा ही डॉक्टरकडे गेल्यावर होते. रंगांची उतरंड तर पाहण्यासारखी आहे: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. यांतील मधले शब्द वर्णन करण्यासाठी कमी आणि सौदा करण्यासाठी अधिक वापरले जातात. 'सावळा' हा शब्द विठ्ठलाला लावला म्हणजे भक्तीचा असतो; लग्नाच्या मुलीला लावला म्हणजे 'पण' या अव्ययाची वाट पाहतो. 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' काळा रंग आपणास मुळात अशुभ वाटतो असेही नाही. संक्रांतीला आपण हौसेने काळी चंद्रकळा नेसतो, मंगळसूत्रात काळे मणी ओवतो, बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतो. वस्तूवर तो आपणास चालतो, माणसावर चालत नाही.

या सौद्यात आमचाही हात आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. 1990 च्या दशकात आमच्या धाकट्या बहिणीसाठी वधूवरविषयक जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचे काम घरच्यांनी आम्हांस दिले, कारण आम्ही 'मराठीचे'. आम्ही प्रथम 'सावळी' असे लिहिले. मग ते खोडून 'गव्हाळ' केले. शब्दाच्या अर्थच्छटेचा एवढा बारीक विचार आम्ही आमच्या प्रबंधातही केला नसेल. पाहुणे आले, पोहे झाले, आणि मुलाच्या आईने बशी खाली ठेवता ठेवता विचारले, "जाहिरातीत गव्हाळ म्हटलं होतं ना?" कोणी काही बोलले नाही. त्या रात्री बहीण आमच्यापाशी येऊन म्हणाली, "दादा, ते काय म्हणाले त्याचं मला काही नाही. पण तो शब्द तू बदललास." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. साहित्याच्या माणसाने शब्दाशी केलेली प्रतारणा बहुधा मोठ्या व्यासपीठावर होत नाही. ती अशी घरातल्या कागदावर होते.

तथापि, याच घरांत त्वचेशी वागण्याची दुसरी एक रीतही होती. उटण्याचेच घ्या. 'उटणे' हा शब्द 'उद्वर्तन' या संस्कृत शब्दापासून आला. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगानंतर उद्वर्तन येते, म्हणजे तो सणासुदीचा थाट नसून रोजचा विधी आहे. त्याचे फळ म्हणून वाग्भट जे सांगतो त्यात त्वचा गोरी होते असे नाही. 'त्वक्प्रसाद' होतो असे आहे. दंडीचा प्रसादगुण येथे प्रत्यक्ष अंगावर भेटतो! प्रसाद म्हणजे निर्मळपणा, आतले स्वच्छ दिसू देणे. काव्यात ज्याची आपण पूजा करतो तो गुण नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला-कचोरा आणि मसुराचे पीठ यांच्या भुकटीतून मिळतो असे एका वैद्याच्या परंपरेने मानले, ही गोष्ट काव्यशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे.

उटण्याची दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की ते पूर्णपणे स्वतःचे स्वतः लावता येत नाही. पाठ उरते. म्हणून पहाटेच्या अंधारात आई मुलांना ओळीने पाटावर बसवून तेल-उटणे चोळते. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालावयास अनुभवी बाई येते; तिच्या तळव्यांना जे ज्ञान असते ते कोणत्याही पुस्तकात नसते, आणि तिचे नाव कोणत्याही कादंबरीत नायिका म्हणून येत नाही. लग्नातील हळदीचा विधी तर प्रणयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. हळद आधी नवऱ्या मुलाला लावतात आणि त्याच्या अंगची उरलेली 'उष्टी हळद' नवरीकडे पाठवितात. ज्या काळी वधूवरांनी एकमेकांचे तोंडही धड पाहिलेले नसे त्या काळी त्यांचा पहिला स्पर्श हा असा, एका वाटीतील ओल्या हळदीतून, चार बायकांच्या हातांनी पोहोचविलेला असे. आमच्या प्रणयकादंबऱ्यांना टेनिसचे मैदान सापडले, मोटार सापडली, ही वाटी फारशी सापडली नाही.

परंतु येथे गहिवरून थांबणे योग्य नव्हे. हळद तिकडून इकडे येते. इकडून तिकडे जात नाही. दिवाळीच्या पाडव्याला पत्नी पतीला तेल-उटणे लावते, न्हाऊ घालते, ओवाळते. पतीने पत्नीची पाठ चोळावी असा दिवस आपल्या पंचांगात नाही. निगा राखणारे हात आणि निगा राखली जाणारी पाठ यांची वाटणी आपल्याकडे ठरलेली आहे. तिला उलटे करण्याचे धाडस एकाच ठिकाणी झाले, ते संतकाव्यात. जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो एवढेच नव्हे, तर तिचे केस धुतो, विंचरतो, उवाही काढतो. देव दासीच्या डोईतील उवा काढतो आहे, याहून उत्कट प्रणयदृश्य निदान आम्हांस तरी मराठीत आढळलेले नाही. भक्ती म्हणून आपण ते वंद्य मानले आणि प्रणयाच्या खात्यातून वगळले. घरातील पुरुषांची त्यामुळे सोय झाली.

साहित्याने ही जागा रिकामी ठेवली ती जाहिरातीने भरली. 1941 साली लीला चिटणीस या मराठी रंगभूमीवरून चित्रपटात गेलेल्या पदवीधर अभिनेत्रीचे छायाचित्र लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकले. त्या साबणाच्या भारतीय तारकांच्या मालिकेतील ती पहिली. पुढे 1975 साली फेअर अँड लव्हली हे मलम बाजारात आले. त्याच्या जाहिरातींचे कथानक तपासून पाहावे. एक मुलगी आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती मलम लावते. काही आठवड्यांत उजळते. आणि प्रियकर, वर किंवा नोकरी तिच्याकडे चालत येते. हे कथानक कोठून आले? सौंदर्य ही पात्रता आणि प्रेम हे त्याचे पारितोषिक, हा आमच्या प्रणयकादंबरीचाच सांगाडा आहे. फरक एवढाच की कादंबरीत सौंदर्य जन्मतः मिळे, जाहिरातीने ते नळीत भरून विकले. एका अर्थी जाहिरात अधिक लोकशाहीवादी निघाली. कादंबरीच्या दारात काळ्या मुलीला प्रवेशच नव्हता. जाहिरातीने पैसे घेऊन का होईना, दार किलकिले केले.

2020 साली जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठल्यानंतर या मलमाच्या नावातील 'फेअर' गेले आणि 'ग्लो' आले. त्याच सुमारास एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. हे स्वागतार्हच. तरी शब्दांचा व्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्यांना एक शंका राहते. 'गोरेपणा'च्या जागी 'तेज', 'उजळपणा', 'निखार' आले, पण डब्यावरील चेहरा किती बदलला? विशेषण बदलून वास्तव झाकण्याची ही युक्ती आम्ही ओळखतो. आम्हीही एकदा 'सावळी' खोडून 'गव्हाळ' केले होते.

'नैसर्गिक' या विशेषणाचीही हीच गत आहे. हळद नैसर्गिक, लिंबू नैसर्गिक, म्हणून निर्धोक, असा समज सर्वत्र आहे. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास त्वचेवर डाग पडतात, कधी फोडही येतात. पाराही निसर्गातच सापडतो; तो मिसळलेली गोरेपणाची मलमे मूत्रपिंडांची हानी करतात, म्हणून आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांत पारा वापरण्यास बंदी आहे आणि तरीही तशी मलमे सापडतात. याहून सार्वत्रिक संकट स्टिरॉइड मलमांचे. खाज-इसबासाठी असलेली ही औषधे 'रंग उजळतो' म्हणून महिनोन्महिने चेहऱ्याला लावली जातात. त्वचा पातळ होते, लाल होते, तिच्यावर केस आणि पुटकुळ्या येतात, आणि मलम थांबवावे तर आग होते. 2018 साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. आमच्या वर्गातल्या दोन मुली या आगीतून गेल्या आहेत. त्यांतील एकीने तोंडाला ओढणी बांधून संपूर्ण सत्र काढले आणि आम्ही तिला सौंदर्यवादी समीक्षा शिकवीत होतो.

शास्त्र मात्र या बाबतीत अगदी साधी गोष्ट सांगते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींची संख्या काळ्या आणि गोऱ्या माणसांत जवळपास सारखीच असते. त्या तयार करतात त्या रंगकणांचा आकार, प्रमाण आणि विखुरणी यांत फरक असतो. ज्या फरकावर आपण कुटुंबांची प्रतिष्ठा, हुंडा आणि खंडकाव्ये उभी केली तो फरक एवढासा आहे.

नैसर्गिकतेच्या कौतुकात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे पाणी. 'नुसत्या पाण्याने तोंड धुतले तरी किती तजेलदार दिसते' असे वर्णन लिहिणाऱ्याच्या घरी पाणी असते. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जी ओंजळ भरली तिच्याशिवाय मराठी सौंदर्यविचार पुरा होत नाही असे आमचे मत आहे. पाण्याला स्पर्श करण्याचाच अधिकार जिथे नाही तिथे 'स्वच्छ, नितळ त्वचा' हा जातीचा पुरावा होतो, आणि मळ हा माणसाचा गुण ठरविला जातो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'सारखे आत्मकथन वाचताना देहाची दुर्दशा ही निसर्गाची करणी नसून व्यवस्थेची आहे हे कळते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातील मुलीला चेहरा दिवसातून दोनदा धुण्याचा सल्ला देणारी पुरवणी, आणि तिला उन्हाच्या झळांतही टवटवीत दाखविणारी कथा, या दोहोंत असत्य कोणाचे मोठे हे ठरविणे कठीण आहे.

यावर काही वाचक म्हणतील की साहित्याला उदात्तीकरणाचा अधिकार आहे. नायिकेच्या पुटकुळ्या मोजणे हे काव्याचे काम नव्हे. आम्हांस हे मान्य आहे. आम्ही पुटकुळ्यांची गणती मागत नाही. गाथेतील कवीने काजळीच्या एका बोटात जे साधले ते उदात्तीकरणच होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निगा म्हणजे प्रेम असे म्हटल्याने स्त्रियांच्या राबण्याला पुन्हा एकदा प्रेमाचे गोंडस नाव मिळणार नाही काय? मिळू शकते. म्हणूनच हात कोणाचा आणि पाठ कोणाची हा प्रश्न प्रत्येक कथेला विचारला पाहिजे. जी प्रणयकथा काम दाखवीत नाही तिला तो प्रश्न विचारताच येत नाही. जी दाखविते तिच्याशी निदान भांडता येते.

आजच्या विद्यार्थ्यांची आमच्या पिढीने थट्टा करण्याचेही कारण नाही. रात्री चेहऱ्याला काय लावावे आणि सकाळी काय, सनस्क्रीनवरील आकड्याचा अर्थ काय, कोणती दोन द्रव्ये एकत्र लावू नयेत, हे त्यांना ठाऊक असते. त्यांत मुलगेही आहेत, ही चांगली गोष्ट आहे. ही मुले निगेला काम समजतात, चमत्कार समजत नाहीत. त्या अर्थी ती आमच्याहून वास्तववादी आहेत. आमची खंत निराळी आहे. हे सारे ती एकटी करतात. खोलीचे दार लावून, मोबाइलच्या पडद्यात स्वतःला न्याहाळत, काहीच केलेले नाही असे दिसावे म्हणून तासभर खपतात. पहाटेच्या पाटावर आई पाठ चोळी तेव्हा मूल स्वतःला पाहत नसे; त्याला फक्त थंडी आणि तिचा हात कळे. आता हात आणि पाठ दोन्ही आपलीच, आणि परीक्षकही आपणच. या एकटेपणात प्रेमाला जागा कशी व्हावी, हा आजच्या कथाकारापुढील खरा प्रश्न आहे. तो त्याने घेतला तर मराठीत निराळी प्रणयकथा लिहिली जाईल.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आम्ही पुढच्या वर्षी परीक्षेत घातला, अर्थात सभ्य शब्दांत: 'प्रणयकादंबरीतील देहाची निगा आणि तिची अनुपस्थिती.' बहुतेकांनी तो गाळला. ज्यांनी लिहिला त्यांतील एकाने कादंबरीबद्दल एक अक्षर न लिहिता आजारी आजीच्या टाचांच्या भेगांना आजोबा रोज रात्री कोकमाचे तेल कसे लावीत एवढेच लिहिले. प्रश्नाला धरून नसल्यामुळे आम्ही त्यास निम्मेच गुण दिले. आज दिले असते तर अधिक दिले असते.

गेल्या दिवाळीत बहीण भाऊबीजेला आली होती. तिचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत. लग्न यथाकाल झाले, जाहिरातीशिवाय झाले. प्रथेप्रमाणे तिने पहाटे उटणे कालवले आणि आमच्या पाठीला लावू लागली. इतक्या वर्षांत जे विचारले नव्हते ते आम्ही त्या दिवशी विचारले, "तुझ्या पाठीला कोण लावतं गं?"

ती हात न थांबवता म्हणाली, "पाठीला? हात पोचतो तेवढंच लावते मी."